ऑटिझम: आधी घरातल्या मोठ्यांनी शिकायचं

ऑटिझम आहे की नाही हे सांगणारी रक्ततपासणी नाही. एमआरआयमध्येही तो दिसत नाही. डॉक्टर मुलासोबत जमिनीवर बसतात, त्याला ठोकळे, गाडी, बाहुली देतात, ते काय करतं ते बघतात आणि आईबाबांना भरपूर प्रश्न विचारतात. नावाने हाक मारली की वळून बघतं का? हवं ते बोटाने दाखवतं, की तुमचं मनगट धरून फ्रिजपर्यंत नेतं? गाडी जमिनीवर चालवतं, की उलटी करून तिची चाकंच फिरवत बसतं? निदानाला लागणारी निम्मी माहिती अशी घरच्यांकडेच असते. तरीही पहिली शंका आणि डॉक्टरांची पहिली भेट यांच्यामध्ये कित्येक घरांत वर्ष-दीड वर्ष सहज निघून जातं.

त्या काळात काय काय ऐकायला मिळतं ते आपल्याला पाठ आहे. मुलगे उशिराच बोलतात. याचा बाबा तरी चार वर्षांचा होईपर्यंत कुठे बोलत होता! दिवसभर फ्लॅटमध्ये एकटं पोर, बोलणार कुणाशी? शाळेत घातलं की बोलेल आपोआप. आजीचं सगळंच चूक असतं असं नाही. काही मुलं खरोखरच उशिरा बोलतात आणि पुढे बरोबरीला येतात. घोळ असा होतो की सगळं घर शब्द मोजत बसतं आणि शब्दांच्या आधी जे यायला हवं त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

खिडकीच्या ग्रिलवर कबुतर येऊन बसलं की सव्वा वर्षाचं मूल बोट दाखवतं आणि लगेच वळून आईकडे बघतं. ते वळून बघणं फार मोलाचं. त्याला कबुतर नको असतं. ‘तू पण बघ ना’ एवढंच सांगायचं असतं. आपण दोघं एकच गोष्ट बघतोय, हे मुलाला कळलेलं असतं आणि भाषा पुढे याच पायावर उभी राहते. उशिरा बोलणारं पण ऑटिझम नसलेलं मूल शब्दांवाचून हे सगळं करतं: बोट दाखवतं, मान हलवतं, आवडती गाडी आणून तुमच्या डोळ्यांसमोर धरतं. ऑटिझम असलेलं मूल हवी ती वस्तू मिळवायला तुमचा हात वापरेल, पण नुसतं दाखवण्यासाठी दाखवणं त्याच्यात बरेचदा उशिरा येतं किंवा फार कमी दिसतं.

म्हणून वर्षाचं झाल्यावरही मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, १८ महिन्यांचं झालं तरी बोट दाखवत नसेल, दोन वर्षांचं होऊनही स्वतःचं दोन शब्दांचं वाक्य बोलत नसेल, तर थांबायचं नाही. आणि आलेले शब्द गेले, तर वय काहीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे. काही मुलं दीड वर्षापर्यंत ‘मम्मा’, ‘पाणी’, ‘भूभू’ म्हणतात आणि मग हळूहळू गप्प होतात. ‘नजर लागली’ म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या तर ओवाळा, पण अपॉइंटमेंटही घ्या. पहिल्यांदा बहुधा कानांची बेरा टेस्ट सांगतात. ती चुकवू नका, कारण ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे ऐकणं आणि बोलणं दोन्हींची तपासणी होते. निदानासाठी बालविकासतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ लागतात. परळचं वाडिया, केईएम, सायन, नायर अशा रुग्णालयांतून सुरुवात करता येते. २००१ पासून मुंबईत काम करणारं उम्मीद चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर तर विकासाच्या अडचणी असलेल्या मुलांसाठीच आहे. नंबर लागायला वेळ लागला, तरी घरात काय करायचं ते शिकायला निदानाचा कागद लागत नाही.

नेमकं काय असतं

ऑटिझम म्हणजे मेंदूच्या जडणघडणीतला फरक, जन्माआधीपासून सुरू झालेला. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपली निदानपुस्तिका बदलली, तेव्हा अ‍ॅस्पर्गर वगैरे वेगवेगळी नावं एकाच नावाखाली आली. तेव्हापासून दोन गोष्टी बघतात. एक, इतरांशी संवाद आणि देवाणघेवाण यांत अडचण. दुसरी, तेच तेच करण्याची ओढ, ठरलेलं बदललं की होणारा त्रास, एखाद्याच विषयाचा ध्यास, आणि आवाज-उजेड-स्पर्श-वास यांची फार जास्त किंवा फार कमी जाणीव. दोन्ही असतील आणि लहानपणापासून असतील, तरच निदान होतं.

‘स्पेक्ट्रम’ म्हटलं की लोकांना एका टोकाला सौम्य आणि दुसऱ्या टोकाला तीव्र अशी सरळ रेघ वाटते. मला मसाल्याचा डबा जास्त बरोबर वाटतो. प्रत्येक घरच्या डब्यात वाट्या त्याच, पण कुणाची हळद काठोकाठ आणि मोहरी तळाला, कुणाचं नेमकं उलटं. एखादी मुलगी मराठी-इंग्रजी फाडफाड बोलेल, पण मिक्सर लावला की कान दाबून बाथरूममध्ये जाऊन बसेल. एखादा मुलगा एक शब्द बोलणार नाही, पण टॅबवर टाइप करून काय हवंय ते सांगेल. अहवालात लेव्हल १, २, ३ लिहितात. मूल किती हुशार आहे याच्याशी त्यांचा संबंध नसतो, रोजच्या जगण्यात किती आधार लागतो एवढंच त्या सांगतात. तो आधार वयाप्रमाणे कमी-जास्तही होतो.

निदान झालेल्यांत साधारण तीन-चार मुलग्यांमागे एक मुलगी असते. पण मुलींचं निदान चुकतंही जास्त. वर्गात कोपऱ्यात बसणारी, मैत्रिणींची हुबेहूब नक्कल करून वेळ मारून नेणारी मुलगी आपल्याकडे ‘किती शांत, किती गुणी’ ठरते. घरी आल्यावर ती दोन तास का रडते, हे शाळेला कधी कळतच नाही.

दोष कुणाचा, हा प्रश्न

१९४३ साली बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करून या अवस्थेला नाव दिलं. पुढची वीसेक वर्षं, विशेषतः अमेरिकेत, याचं खापर थंड, मायेचा ओलावा नसलेल्या आयांवर फोडलं गेलं. ते खोटं होतं, आणि खोटं ठरूनही ते गेलेलं नाही. आता त्याने फक्त कपडे बदललेत: ‘आई नोकरी करते ना’, ‘पोटात असताना सारखी मोबाइलवर असायची’, ‘सिझेरियन झालं होतं’. यातलं बहुतेक बोलणं सुनेच्याच वाट्याला येतं, बाबाला क्वचित कुणी विचारतं.

जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं ते असं की ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा, साधारण ८० टक्क्यांच्या आसपास आहे. एकच जनुक नाही, शेकडो आहेत. आईवडिलांचं जास्त वय, फार अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण यांनी शक्यता थोडी वाढते. गोवराच्या लसीचा संबंध जोडणारा निबंध १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, तोही १२ मुलांवरचा. २०१० साली ‘लॅन्सेट’ने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी लेखक डॉक्टरची ब्रिटनमधली नोंदणी रद्द झाली. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांची नोंद तपासली गेली. लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त आढळला नाही.

मोबाइलबद्दल थोडं. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय, पण असं कुठलंही मान्य निदान नाही. स्क्रीनपुढे तासन्‌तास बसलेल्या मुलाशी कुणी बोलत नाही आणि बोलणं लांबतं, हे खरं. म्हणून स्क्रीन कमी कराच. पण मोबाइल काढून घेतला की ऑटिझम जाईल या आशेवर सहा महिने घालवू नका.

पूर्वी असलं काही नव्हतं, हेही ऐकू येतं. अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या १५० मुलांत एक असा आकडा होता, २०२२ च्या नोंदींत तो ३१ मुलांत एक झाला. त्यातली मोठी वाढ व्याख्या रुंदावल्याने आणि लोक बघायला शिकल्याने झालेली आहे. पूर्वीही प्रत्येक वाडीत एखादा ‘वेडा बाळू’ असायचाच, फक्त त्याला कुणी डॉक्टरांकडे नेत नव्हतं.

‘पुढील स्टेशन, दादर’

समजा, विक्रोळीत राहणारा चार वर्षांचा मुलगा आहे. मनात येईल तेव्हा तो लोकलमधली घोषणा जशीच्या तशी, तिन्ही भाषांत, त्याच सुरात म्हणतो: पुढील स्टेशन, दादर. पाहुण्यांना गंमत वाटते, बाबाला लाज वाटते. नीट बघितलं तर तो हे बूट दिसले की म्हणतो. त्याच्या अनुभवात बूट, गाडी आणि दादरची मावशी हे एकाच साखळीत आहे. ‘मला बाहेर जायचंय’ हे वाक्य त्याला जुळवता येत नाही, म्हणून त्या प्रसंगाचा अख्खा तुकडाच तो उचलून वापरतो. अशा पुनरुच्चाराला बोलणं मानायचं नाही, मुलाला थांबवायचं, असं पूर्वी सांगत. आता सांगतात की त्याचा अर्थ शोधा आणि त्याच्या वतीने छोटं वाक्य म्हणा: ‘बाहेर जायचं.’ बूट हातात घेऊन म्हणा आणि थांबा. पाच-दहा सेकंद खरंच थांबा. आपल्याला शांतता सोसत नाही. मूल उत्तर जुळवत असतानाच आपण प्रश्न पुन्हा विचारतो, आणि त्याला सुरुवातीपासून जुळवावं लागतं.

आता तोच मुलगा संध्याकाळी सहाच्या गाडीत. घामाचा आणि गजऱ्यांचा वास, भजनी मंडळाचे टाळ, कुणाची तरी बॅग पाठीला घासतेय. तो किंचाळतो, डोकं आपटतो. बाकावरून सल्ला येतो, ‘दोन ठेवून द्या, गप्प बसेल.’ हा हट्ट नाही, हे ओळखायला एक साधी खूण आहे. हट्ट करणारं मूल मधूनच तुमच्याकडे बघून अंदाज घेतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. इथे काही मिळून थांबत नाही, कारण काही हवंच नसतं. मेंदूत येणाऱ्या गोष्टी झेपेनाशा झालेल्या असतात. अशा वेळी बोलणं कमी करायचं, गर्दीतून बाजूला घ्यायचं, आवाज-उजेड कमी करायचा, आणि संपेपर्यंत जवळ बसायचं. समजावणं नंतर. त्या क्षणी सांगितलेलं काही आत जात नाही.

टाळता येण्यासारखंही बरंच असतं. कानांवर बसणारे हेडफोन, गर्दी नसलेली वेळ, आणि आज काय काय होणार ते आधी चित्रांनी दाखवणं: बूट, रिक्षा, गाडी, मावशीचं घर, परत. गणपतीत ढोलताशा बिल्डिंगखाली येणार असेल, तर त्या तासाभरापुरतं मुलाला मागच्या खोलीत किंवा दुसरीकडे न्या. त्याने देवाचा काही अपमान होत नाही. आणि हात फडफडवणं, झुलणं, गोल फिरणं यांना हात लावू नका. त्यातून मूल स्वतःला सावरत असतं. स्वतःला इजा करत असेल तरच मध्ये पडायचं आणि त्या बदल्यात दुसरं काहीतरी द्यायचं.

घरात कुठली भाषा

याबाबत मुंबईत मराठी घरांचं मोठं नुकसान होतं असं माझं मत आहे. घरात मराठी, शेजारी हिंदी, शाळा इंग्रजी. मूल बोलत नाही म्हटलं की कुणीतरी, कधी शाळा, कधी थेरपिस्टही, सांगतं: गोंधळ होतोय, फक्त इंग्रजीत बोला. मग आजी, जिला इंग्रजी येत नाही, मुलाशी बोलणंच बंद करते. आई ‘ईट’, ‘सिट’, ‘गिव्ह’ एवढ्या तीन-चार शब्दांवर येते. आजवरच्या संशोधनात दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलांची भाषा मागे पडते असं आढळलेलं नाही. जी भाषा तुमच्या तोंडात सहज येते, जिच्यात तुम्ही लाडाने, रागाने, गाण्यात बोलता, तीच घरात बोला. ‘अडगुलं मडगुलं’ करताना मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघतं, कारण पुढे काय येणार ते त्याला माहीत असतं. मधेच थांबलात की पुढचं तुमच्याकडून मागतं. थेरपीत पैसे देऊन हेच शिकवतात.

थेरपी आणि तिचा बाजार

आठवड्यातून दोन-तीन वेळा पाऊण तास स्पीच थेरपी, तेवढंच ओटी म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठीची ऑक्युपेशनल थेरपी, जमलं तर विशेष शिक्षक. एवढं केलं तरी आठवड्यातले उरलेले सगळे तास मूल घरीच असतं. म्हणून थेरपिस्टला पहिला प्रश्न विचारायचा तो फीचा नाही: मला आत बसू द्याल का? दार लावून घेणाऱ्या आणि पालकांना बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवणाऱ्या सेंटरबद्दल मला शंका येते. आईबाबांना शिकवण्याने काय होतं, याचा चांगला पुरावा आपल्या शेजारचाच आहे. गोवा आणि रावळपिंडी इथे झालेली एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवलं. मुलाच्या लक्षामागे कसं जायचं, कधी गप्प राहायचं, कधी बोलायचं, असं ते शिक्षण. त्या घरांत पालकांची प्रतिसाद द्यायची पद्धत सुधारली आणि मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली.

मूल बोलत नसेल तर चित्रांची कार्डं किंवा टॅबवरचं बोलणारं अ‍ॅप द्यायला घाबरू नका. त्याने मूल आळशी होऊन बोलणार नाही, ही भीती खरी ठरलेली नाही. उलट, मागता यायला लागलं की आदळआपट कमी होते.

ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. रिस्पेरिडोनसारखी औषधं तीव्र चिडचिड आणि स्वतःला मारून घेणं यांसाठी देतात. झोप, फिट्स, बद्धकोष्ठ, अतिचंचलता यांवर वेगळे उपचार आहेत आणि ते जरूर करावेत. बोलू न शकणारं मूल अचानक डोकं आपटायला लागलं, तर आधी दात, कान आणि पोट तपासून घ्या.

आणि स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी शरीरात सोडण्याचा ‘उपचार’. लाखो रुपयांचं पॅकेज घेऊन बसलेली क्लिनिकं या शहरात आहेत, त्यासाठी दागिने मोडणारे आईबापही आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे काही रक्तविकार वगैरे सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर झालेल्या चाचणीतच करायचा आहे, उपचार म्हणून विकायचा नाही. ऑटिझम त्या मान्य यादीत नाही. चाचणीत भाग घ्यायचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. कुणी पैसे मागत असेल तर तिथेच उठायचं.

शाळा, कागद आणि पुढचं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यांत ऑटिझम आहे. त्याआधीच्या, १९९५ सालच्या कायद्यात तो नव्हता. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कागदावर. प्रत्यक्षात अ‍ॅडमिशनच्या वेळी ‘आमच्याकडे सोय नाही’ किंवा ‘शॅडो टीचर (वर्गात मुलाच्या शेजारी बसणारी मदतनीस) तुम्ही आणा, पगार तुम्ही द्या’ असं ऐकावं लागतं. नकार तोंडी असेल तर लेखी मागा. लेखी मागितल्यावर सूर बदलतो, असं पालक सांगतात. परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक या सवलती मागता येतात, पण त्यांची कागदपत्रं नववीतच हलवायला लागतात.

प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात, त्यावरून टक्केवारी ठरते आणि मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं. ‘एकदा शिक्का बसला की बसला’ म्हणून पुष्कळ घरं हे टाळतात. त्यांना मी एवढंच सांगेन की हे कार्ड शेजाऱ्यांना दाखवायचं नसतं. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. जुनी करप्रणाली निवडली तर पालकाला ७५,००० रुपयांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची.

घरात दुसरं मूल असेल तर त्यालाही सांगा, त्याच्या वयाला कळेल असं. ‘दादा असा का करतो’ याचं उत्तर मिळालं नाही, तर ते स्वतःच उत्तर तयार करतं, आणि ते बहुतेक वेळा ‘माझ्यामुळे’ असतं. ‘आमच्यानंतर तूच बघायचंस’ हे वाक्य आठ वर्षांच्या मुलीला ऐकवू नका.

आमच्यानंतर कोण, हा प्रश्न मात्र रात्री उशिरा प्रत्येक आईबाबांना पडतोच. कायद्याने मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेत गेल्यावर कळतं. स्वतःचे निर्णय घेऊ शकणाऱ्या व्यक्तीला पालकत्वाची गरजच नसते. ज्यांना लागते त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. मुंबईत जिल्हे दोन. शहरातल्यांनी फोर्टच्या जुन्या जकात घरात जायचं, उपनगरातल्यांनी वांद्रे पूर्वेच्या जिल्हाधिकारी कार्यालयात.